गुरुजींनी खुर्ची दिली नाही

माझा पहिला खुबा डॉक्टरांनी बिघडवला नाही, मी बिघडवला. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तरी मी कुणाच्या डोक्यावर खापर फोडतोय असं वाटायला नको. माझा आवाज मुळातच चढा आहे. नाशिकला रामकुंडावर, घंटांच्या आणि माणसांच्या गलबल्यात बसून मंत्र सांगायचे तर तो चढाच लागतो.

आमचं घराणं तीर्थोपाध्यायांचं. माणूस गेला की त्याचे लोक अस्थी घेऊन गोदावरीवर येतात, पिंडदान करतात, पुढे श्राद्धाला येतात, आणि ते सगळं त्यांच्याकडून करवून घेणं हे आमचं काम. कोणत्या गावच्या माणसांनी कोणत्या उपाध्यायाकडे जायचं हे खापरपणजोबांच्या काळापासून ठरलेलं आहे. लासलगावच्या बाजूची काही गावं आमच्याकडे. आलेला यजमान आमच्या नामावळीत, म्हणजे त्या त्या गावाच्या जाडजूड वहीत, स्वतःच्या हाताने लिहितो: कोण गेलं, कोण आलं, कशासाठी आलं, आणि खाली सही. चार पिढ्यांनी त्याचा पणतू आला तर आम्ही पान उघडून त्याला पणजोबाचं अक्षर दाखवतो. भल्याभल्यांचे डोळे तिथे भरून येतात.

हे सगळं जमिनीवर बसून करायचं. सोळाव्या वर्षापासून सकाळी सहा ते दुपारी एक मी मांडी घालून बसत आलो. घाटावर प्रत्येकाची बसायची जागा ठरलेली असते. माझी जागा वडिलांची, त्याआधी आजोबांची. तिथली फरशी आमच्या बसण्याने गुळगुळीत झालीय असं मी म्हणायचो. बायको म्हणायची, फरशी नाही झाली, तुमची अक्कल झाली.

सेहेचाळीसाव्या वर्षी डाव्या खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडला. हाड आतल्या आत वाळून त्याचा चुरा व्हायला लागला आणि डॉक्टरांनी खुबा बदलला. घरी सोडताना त्यांनी बजावलं: मांडी नाही, उकिडवं बसणं नाही, पाट नाही, खुर्चीपेक्षा खाली काहीच नाही. मी मान डोलावली, यजमान माझ्यापुढे डोलावतात तशी. पाच महिन्यांनी मी घाटावर मांडी घालून बसलो होतो.

काहीच झालं नाही. हेच तर वाईट झालं. पहिल्या दिवशी एक सणसणीत कळ आली असती तर मी शहाणा झालो असतो. नऊ वर्षं काही झालं नाही, आणि नऊ वर्षांत माणूस स्वतःला डॉक्टरचा बाप समजायला लागतो. मी मांडी घालायचो आणि हळूच आजूबाजूला बघायचो, कुणी बघतंय का. थोरला भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, माझ्या शेजारच्या जागेवर बसतो. तो लोकांना सांगायचा, "ह्याच्या कमरेत लोखंड आहे, पण बसतो बघा कसा." मला ते फार गोड वाटायचं.

या गोड वाटण्यातूनच पुढचं घडलं. लासलगावकडचा एक म्हातारा शेतकरी बायकोच्या पिंडदानासाठी आला. मुलगा नव्हता, एकुलती एक लेक सोबत. दोन्ही गुडघे सुजलेले, चालणं बदकासारखं. लेकीने मला नम्रपणे विचारलं, "गुरुजी, बाबांना एक खुर्ची मिळेल का? त्यांना खाली बसवत नाही." शेजारच्या चहावाल्याकडे दोन खुर्च्या होत्या, समोर दिसत होत्या. मी म्हणालो, "ताई, खुर्चीवर बसून पिंडदान होत नसतं." एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी स्वतःच्या डाव्या खुब्यावर थाप मारली आणि म्हणालो, "हे बघा, माझ्या इथे लोखंडी सांधा आहे. मी बसतोच ना?"

लेकीच्या खांद्यावर हात ठेवून म्हातारा खाली बसला, बसताना त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी मंत्रांनी झाकला. विधी झाला. उठताना दोन माणसांनी त्याला काखेत धरून उचललं. मग तो वाकून नामावळीत बराच वेळ लिहीत राहिला. मी न वाचताच वही मिटली, कारण पुढचा यजमान उभा होता.

त्यानंतरच्या दिवाळीपासून माझी जांघ दुखायला लागली. आधी उठताना, मग चालताना, मग बसल्या जागीही. डावा पाय आखूड पडायला लागला. दीड वर्ष मी तेल चोळत राहिलो आणि मग बायकोने मला अक्षरशः रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. खुब्याची वाटी सैल झालेली, आतलं अस्तर झिजलेलं, मागच्या हाडाला खड्डा पडलेला. "मांडी घालता का, गुरुजी?"

"कधीमधी," मी म्हणालो.

"रोज," बायको म्हणाली. "सकाळी सहा ते दुपारी एक. पितृपक्षात चारपर्यंत."

डॉक्टर सभ्य गृहस्थ. नुसत्या मांडीनेच हे झालं असं मी म्हणणार नाही, पण मांडीने हातभार लावला, एवढंच ते म्हणाले. पुढचं मात्र त्यांनी गुळमुळीत ठेवलं नाही. जुना सांधा काढायचा, नवा बसवायचा, पहिल्यापेक्षा दुप्पट वेळ, दुप्पट त्रास. आणि तिसऱ्यांदा काही करायची वेळ आली तर सांधा रोवायला हाडच उरणार नाही. समजावण्यासाठी त्यांनी टेबलावर एक नमुना ठेवला: दांडा आणि त्यावर चकचकीत गोळा. मी म्हणालो, "हा माझ्या ओळखीचा आहे." आमच्याकडे अस्थींच्या मडक्यातून असे गोळे निघतात. राखेत सगळं जळून जातं, हा तेवढा राहतो, आणि लोक गोंधळून विचारतात, गुरुजी, ह्याचं काय करायचं? मी सांगतो, हे पाण्यात सोडू नका, हे तुमच्या वडिलांचं नाही, कारखान्याचं आहे. डॉक्टर हसले. मला त्यांच्यासमोर हसायला बरं वाटलं, कारण आतून मी पुरता घाबरलो होतो.

मग त्यांनी सांगितलं की हाडाला पडलेला खड्डा भरायला दुसऱ्या माणसाचं हाड लागेल. ते हाडांच्या बँकेतून येतं, तपासून, निर्जंतुक करून.

"कुणाचं?" मी विचारलं.

"ते कळत नाही."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. आता हा गोत्र विचारणार, असं तिला वाटलं असणार. खरं सांगायचं तर जिभेवर आलंच होतं. पण मला एकदम गंमत वाटली. आमच्या घराण्याने पिढ्यान्पिढ्या लोकांच्या अस्थी कुंडात सोडल्या. या कुंडात अस्थी विरघळतात अशी श्रद्धा आहे आणि मी ती हजारो माणसांना सांगितली. आता एका अनोळखी माणसाची अस्थी माझ्यात सोडणार होते, आणि ती विरघळू नये, रुजावी, असं मला मनापासून वाटत होतं. पदरी पडलं, पवित्र झालं. मी सही केली.

होळी झाल्यावर ऑपरेशन झालं. कमरेखालचा भाग बधिर, छातीसमोर हिरवा पडदा, आणि पडद्यापलीकडे सुतारकाम. जुना सांधा निघायला तयार नव्हता. ठोकल्याचे हादरे मला दातांपर्यंत जाणवत होते. मी मोठ्याने रुद्र म्हणायला लागलो. भूल देणाऱ्या बाई म्हणाल्या, "काका, जरा हळू, सरांना एकाग्रता लागते." मी म्हणालो, मलाही लागते, आणि तसंच चालू ठेवलं. मग त्यांनी सलाईनमधून काहीतरी दिलं आणि माझा रुद्र अर्ध्यावर राहिला.

पहिल्या वेळी दुसऱ्या दिवशी मी उभा होतो. या वेळी सहा आठवडे डाव्या पायावर वजनच टाकायचं नव्हतं. पाऊल जमिनीला टेकवायचं, पण भार वॉकरवर. दोन पायांमध्ये भली मोठी उशी. कूस बदलायची तर दोन सिस्टर लागायच्या. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना उठा, बसा, पाणी सोडा असं सांगितलं त्याला आता दुसरे सांगत होते. मी चिडायचो, जेवणाचं ताट सरकवायचो, बायकोवर डाफरायचो. ती ताट पुन्हा पुढे करायची.

व्यायाम करून घेणारी मुलगी येवल्याची होती. एक दिवस मी तिला सरळ विचारलं, "सहा महिन्यांनी मांडी घालता येईल ना?"

"नाही, काका."

"थोडा वेळ? पितृपक्षापुरती?"

"नाही. आणि कशासाठी हवी? माझे वडील पैठणी विणतात. माग खड्ड्यात असतो, ते काठावर बसतात, पाय खाली सोडून. चाळीस वर्षं. मांडी घालून माग चालतच नाही. तीच पैठणी तुम्ही देवीला नेसवता. देवीला चालते ना?"

मी तिला म्हणालो, "तू पाय बघ, शास्त्र मला माहीत आहे." तिने मला आणखी दहा वेळा पाय उचलायला लावला.

घरी आल्यावर दादा भेटायला आला. खुर्ची ओढून बसला, इकडचं तिकडचं बोलला आणि मग म्हणाला, "हे बघ, आता तू घाटाचा नाद सोड. तुझी जागा मी बघतो, दोन्हीकडे माणसं बसवतो. तू घरी नामावळ्या सांभाळ. त्यांना वाळवी लागायला आलीय." तो प्रेमानेच बोलत होता. पण घाटावरची जागा एकदा दुसऱ्याच्या हातात गेली की परत मिळत नाही, हे मला माहीत होतं आणि त्यालाही. सत्तावन्नाव्या वर्षी मला घरात बसवून, उरलेलं आयुष्य कापडात गुंडाळून ठेवायला तो आला होता. मी म्हणालो, "पितृपक्षात मी माझ्या जागेवर असेन."

"बसणार कसा?"

"ते मी बघतो."

काही बघितलेलं नव्हतं. नुसती घमेंड होती.

दादाने दुसऱ्या दिवशी खरोखरच नामावळ्यांचं गाठोडं पाठवलं. रागारागाने मी ते उघडलं. पानं झटकत, कापूर ठेवत, गाव लावत बसलो. लासलगावकडच्या वहीत तीन वर्षांपूर्वीचं पान निघालं. कागदात रुतलेलं, जोर देऊन लिहिलेलं अक्षर. त्यात लिहिलं होतं: "बायकोच्या पिंडदानासाठी आलो. सोबत लेक. गुडघे चालत नाही. गुरुजींनी खुर्ची दिली नाही. खाली बसलो." आणि सही.

आधी मी संतापलो. माझ्या घराण्याच्या वहीत माझ्याच विरुद्ध तक्रार! हात पानाच्या कोपऱ्यापर्यंत गेला. पण आमच्या नामावळीतलं पान कुणी कधी फाडलेलं नाही. पूर, वाळवी, भाऊबंदकी, सगळ्यातून ती पानं राहिली आहेत. म्हणजे हेही राहणार. या म्हाताऱ्याच्या लेकीचा नातू कधीतरी येईल, आमच्यातला कुणीतरी कौतुकाने पान उघडेल आणि मोठ्याने वाचेल: गुरुजींनी खुर्ची दिली नाही. तो विचारेल, कोण हे गुरुजी?

मी त्या वेळी कसा बसलो होतो? उंच खुर्चीवर, ढुंगणाखाली आणखी एक उशी, डावा पाय पुढे पसरलेला. शौचाला जायचं तर भांड्यावर प्लास्टिकची उंच बैठक. मला लाज वाटली. असली लाज मला याआधी कधी वाटली नव्हती, आणि ती कुणाला दाखवायची सोय नव्हती, म्हणून मी बायकोला हाक मारली आणि पान तिच्यापुढे धरलं. तिने वाचलं. म्हणाली, "मग आता?"

पानावर फोन नंबर होता. मी लावला. लेकीने उचलला. नाव, गाव, ओळख झाल्यावर ती घाबरून म्हणाली, "काही राहिलं का गुरुजी, आईच्या विधीत?"

"राहिलं," मी म्हणालो. "खुर्ची राहिली."

मी घाईघाईने सांगितलं की माझं पुन्हा ऑपरेशन झालंय, पितृपक्षातल्या नवमीला, सवाष्ण गेलेल्यांची तिथी असते त्या दिवशी, मी घाटावर असेन, बाबांना आणायचं असेल तर आणा. "विचारते," म्हणाली आणि फोन ठेवला.

आता मला खरंच काहीतरी करणं भाग होतं. सुताराला बोलावलं. खुर्चीच्या उंचीचे दोन स्टूल आणि कमरेच्या उंचीचं एक टेबल. टेबलावर चारी बाजूंनी कड असलेला उथळ ट्रे. त्यात मी नदीची वाळू भरली, सारखी केली, दर्भ मांडले. पिंड जमिनीवर ठेवायचे असतात ना? मी जमीन वर आणली. बायकोने ते पाहिलं आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाली, "हे डोक्याने केलंत."

पितृपक्षाच्या पहिल्या दिवशी मी काठी टेकत घाटावर गेलो. सिंहस्थाच्या कामांनी रस्ते खणलेले, पायऱ्यांशी रेतीचे ढीग. अर्ध्या तासाचं अंतर, मला सव्वा तास लागला. स्टूल-टेबल हातगाडीवरून आलं. माझ्या जागेवर दादाने पाट मांडला होता. मी पाट उचलून त्याच्या बाजूला ठेवला आणि स्टूल मांडला. आजूबाजूचे मंत्र अर्ध्यावर थांबले.

"हे काय मांडलंयस?" दादा म्हणाला.

"माझी जागा."

"शास्त्रात कुठे आहे हे?"

"शास्त्रात दुसऱ्याचं हाडही नाही. ते माझ्या कमरेत आहे. त्याला घेऊन मी घरी बसू का?"

"जमीन सुटली तुझी."

मी अनवाणी होतो. दोन्ही पावलं फरशीवर सपाट होती. मी म्हणालो, "दादा, खाली बघ. हे पाऊल टेकायला मी सहा आठवडे शिकलोय. मांडी घातल्यावर तुझी पावलं कुठे टेकलेली असतात?"

त्याने पाट ओढून घेतला आणि आपल्या यजमानाकडे तोंड फिरवलं. शेजारून टोमणे आले. हॉटेल काढलं का, मेनू कार्ड आणा, वगैरे. एक यजमान माझं टेबल बघून दुसरीकडे गेला. दुसऱ्या दिवशी आणखी दोन गेले. मी बसून राहिलो. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, म्हणतात. माझी खोड हट्टाची. नऊ वर्षं ती चुकीच्या कामाला लावली होती, आता तिला बरं काम मिळालं होतं. चौथ्या दिवशी दादाकडे एक जाडजूड बाई आल्या, त्यांना खाली बसता येईना. दादाने घसा खाकरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "तिकडे जा. तिकडे टेबल आहे." तेव्हापासून गुडघ्यांची माणसं तो माझ्याकडे पाठवतो.

नवमीला सकाळपासून मी पायऱ्यांकडे बघत होतो. अकरा वाजले, बारा वाजले. येणार नाही, त्याने तरी का यावं, असं स्वतःला सांगत होतो, आणि तेवढ्यात लेकीच्या खांद्यावर हात ठेवून ते बदकासारखं चालणं पायऱ्या उतरताना दिसलं. तीन वर्षांत म्हातारा आणखी वाकला होता. माझ्यासमोर आल्यावर सवयीने तो खाली बसायला वाकला.

"थांबा," मी म्हणालो. "वर बसा."

त्याने स्टुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमी बी वरच?"

"मी बी वरच. मोडलो तेव्हा कळलं."

"आमी आदीच मोडलेलो व्हतो, गुरुजी," तो म्हणाला आणि बसला. त्यात राग नव्हता, पण माफीही नव्हती. मला ती मागायची होती. मी मागितली, सगळ्यांसमोर, घाटावरच्या माझ्या चढ्या आवाजात. तो नुसता म्हणाला, "करा सुरू. आमची बाई खोळंबली आसंल."

विधी संथपणे झाला. या वेळी मंत्रांनी झाकावं असं काही त्याच्या तोंडून निघालं नाही. उठताना त्याने टेबलाच्या कडेला हात टेकवला आणि एकटा उठला. मी नामावळी उघडली, तेच पान काढलं आणि पेन पुढे केलं. "हे मी वाचलं. खोडायचं तर खोडा."

"खोडायचं कशापायी? झालं ते लिवलं." त्याने खाली, तसंच रुतवून, लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर वही माझ्याकडे फिरवली: "नवमीला आलो. सोबत लेक. गुरुजींनी खुर्ची दिली. गुरुजी पण खुर्चीवर." खाली सही. मग पेन माझ्या हातात देऊन म्हणाला, "तुमी बी करा. दोगांचंबी लिवलंय."

नामावळीत सही यजमानाची असते. उपाध्यायाने तिथे सही करायची नसते, आमच्या घराण्यात कुणी कधी केलेली नाही. शेजारून दादा मान लांब करून बघत होता. मी दोन्ही पावलं नीट टेकवली आणि सही केली.